स्वतःची भाषा विंडोज-मॅकवर नेताना लिबयूव्ही काय करते आणि काय तुमच्यावर सोडते

प्रश्न असा आहे: "सीमध्ये एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा लिहिली आहे. लिनक्सवर छान चालते. आता ती विंडोज आणि मॅकवर न्यायची आहे. जागोजागी इफडेफ (सिस्टिम पाहून कोड निवडणाऱ्या अटी) घालण्यापेक्षा एपीआर किंवा लिबयूव्हीसारखी लायब्ररी घेतली, तर भाषा आपोआप पोर्टेबल होईल का? आणि वेग किती कमी होईल?"

दोन्ही सीच्या लायब्ररी, फाइल-सॉकेट-प्रोसेसची कामं तिन्ही सिस्टिमवर एकाच नावाने करून देणाऱ्या. लिबयूव्ही घ्या. एपीआर तुमच्या कामाची नाही. वेगाची चिंता आज तरी करू नका. घोडं पेंड खातं ते त्या 'आपोआप'पाशी.

मी बरीच वर्षं एका हिशेबाच्या उत्पादनात बसवलेल्या रिपोर्ट-भाषेचा रनटाइम, म्हणजे ती भाषा चालवणारा भाग, सांभाळतो. आधी आम्ही सगळं हाताने इफडेफ घालून केलं होतं, नंतर ते लिबयूव्हीवर नेलं. त्या स्थलांतरात खूप कोड गेला, बग मात्र त्या मानाने थोडेच गेले. कारण नंतर लक्षात आलं. लायब्ररी तिन्ही सिस्टिमवर एकच नाव देते. त्या नावामागे तिन्हीकडे एकच अर्थ असेल याची जबाबदारी भाषा बनवणाऱ्याची.

आधी तुमच्या इंटरप्रीटरचा नेमका किती भाग ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावतो ते पाहा. लेक्सर, पार्सर, बाइटकोड, बहुतेक गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी परत घेणारा भाग) हे सगळं शुद्ध सी असतं आणि ते कुठेही कंपाइल व्हायला हवं. तिथे नडतो तो बहुधा 'लाँग'. ६४ बिटी लिनक्सवर आणि मॅकवर तो ६४ बिटांचा, ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचा. भाषेतला पूर्णांक तुम्ही 'लाँग'मध्ये ठेवला असेल, तर लिनक्सवर बरोबर येणारी बेरीज विंडोजवर गुंडाळली जाईल आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही. यात कोणतीही रनटाइम लायब्ररी मदत करत नाही. ठरावीक रुंदीचे प्रकार वापरा आणि पुढे चला.

उरलेला भाग म्हणजे फाइल, डिरेक्टरी, प्रोसेस, सॉकेट, वेळ, थ्रेड, टर्मिनल. त्याचं काय करायचं याला लुआने एक उत्तर दिलं आहे: जे आयएसओ सीमध्ये नाही ते भाषेच्या गाभ्यात नाही. म्हणून लुआ जिथे सी कंपायलर आहे तिथे जाते, आणि म्हणूनच निव्वळ लुआत डिरेक्टरीतल्या फाइलींची यादीही काढता येत नाही, त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. यात लबाडी काही नाही, भाषेची हद्द लहान ठेवून पोर्टेबिलिटी विकत घेतली आहे, इतकंच. तुमची भाषा दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवण्यापुरती असेल, तर मीसुद्धा हाच रस्ता सुचवेन आणि इथेच थांबेन.

पण मराठी माणसासाठी भाषा लिहीत असाल, तर आयएसओ सीवर विसंबू नका. त्याचं कारण मी स्वतः भोगलं आहे.

आमच्या रिपोर्ट-भाषेत फाइल उघडायला सीचं 'एफओपन' होतं. लिनक्सवर एका पतसंस्थेचे अहवाल 'दुसऱ्या तिमाहीचा ताळेबंद' अशा नावांनी वर्षभर बिनबोभाट निघत होते. त्यांनी विंडोजची यंत्रं घेतली आणि पहिल्याच दिवशी फोन आला. स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या नावाची फाइल तयार व्हायची, पण फोल्डरमध्ये नावाच्या जागी युरोपीय अक्षरांचा कचरा दिसायचा. आणि हेच नाव कमांड-लाइनवरून दिलं, तर देवनागरीच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं येऊन फाइल उघडायचीच नाही.

दोन्हींचं मूळ एकच. विंडोजवर साधं 'एफओपन' नावाचे बाइट सिस्टिमच्या कोड पेजनुसार, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यानुसार वाचतं. जपानी, रशियन, अरबी यांना अशी जुनी कोड पेजेस आहेत. देवनागरीला विंडोजने तसं सिस्टिम कोड पेज कधी दिलंच नाही, भारतीय लिप्या तिथे थेट युनिकोडमधूनच आल्या. त्यामुळे आपल्याकडच्या यंत्रांवर साधारणपणे पश्चिम युरोपीय १२५२ असतं. आमच्या यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) बाइटना त्याने युरोपीय अक्षरं समजून कचरा केला. कमांड-लाइनवरचं खरं देवनागरी त्याला १२५२मध्ये मांडता येईना, म्हणून प्रश्नचिन्हं. जर्मन किंवा फ्रेंच प्रोग्रॅमरला हा प्रश्नचिन्हांचा बग आयुष्यात दिसला नसेल, कारण त्याची अक्षरं १२५२मध्ये आहेत. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रात) यूटीएफ-८ हे कोड पेज मागता येतं. पण तेव्हा ते नव्हतं, आणि कचेऱ्यांतली जुनी यंत्रं कोणाला विचारून बदलत नाहीत.

इथे लिबयूव्हीचा खरा उपयोग होतो. तिच्या सीमेवर सगळी नावं यूटीएफ-८ असतात. विंडोजवर ती आतल्या आत यूटीएफ-१६मध्ये बदलते आणि सिस्टिमची रुंद अक्षरांची फंक्शन वापरते. कचऱ्याचा बग एका दिवसात गेला. प्रश्नचिन्हांचा गेला नाही, कारण 'मेन'ला मिळणारे आर्ग्युमेंट लिबयूव्हीच्या हाती येण्याआधीच बिघडलेले असतात. विंडोजवर 'डब्ल्यूमेन', म्हणजे 'मेन'चं रुंद अक्षरांचं रूप घेऊन रूपांतर आपणच करायचं. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोडही तेच करतं.

मग मॅक आला. तिथे फाइल उघडायची, लिहायची, पण 'डिरेक्टरीत ही फाइल आहे का' असं यादी काढून विचारलं की उत्तर 'नाही'. डोळ्यांनी पाहावं तर फाइल समोर बसलेली! दोन दिवस मी कॅशेवर संशय घेत होतो. शेवटी दोन्ही नावांचे बाइट छापले आणि एक दुसऱ्यापेक्षा ३ बाइटनी मोठं निघालं. दोष होता 'दुसऱ्या'मधल्या 'ऱ'चा. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, ०९३१. पण त्याची विभागणीही ठरलेली आहे: 'र' अधिक नुक्ता, ०९३० आणि ०९३C. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-सिस्टिम नाव साठवताना ते विभागून ठेवायची. आपण दिलेले ३ बाइट परत येताना ६ होऊन यायचे, आणि आमची भाषा बाइटला बाइट लावून तुलना करत होती. २०१७पासून आलेली एपीएफएस दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते, पण जुन्या डिस्कवरून आणि जुन्या झिपमधून ही विभागलेली नावं आजही येतात.

लिबयूव्ही याबाबत काहीच करत नाही आणि तिने करूही नये. लिनक्सवर ही दोन नावं दोन वेगळ्या फाइलींची असू शकतात. फाइलचं नाव म्हणजे बाइट की अक्षरं, हे तुमच्या भाषेला ठरवावं लागतं. आम्ही शेवटी नाव जसं आलं तसंच जपलं आणि तुलनेसाठी एक वेगळं फंक्शन दिलं, ते दोन्ही बाजू जोडलेल्या रूपात आणून पाहतं. त्यानेही सगळं भागत नाही. काही जुने कीबोर्ड 'दुसऱ्या' लिहिताना 'ऱ'ऐवजी 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर अगदी तसंच दिसतं, पण युनिकोडच्या नियमांनी ते समान नाही आणि कोणतंही नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. तिथे आम्ही हात जोडले आणि मॅन्युअलमध्ये एक टीप लिहिली.

आता लायब्ररी कोणती याकडे. यातली प्रत्येक लायब्ररी ज्या घरात जन्मली त्या घराच्या सवयी घेऊन येते. नेटस्केपची एनएसपीआर मुळात जावा वेगवेगळ्या यंत्रांवर नेण्यासाठी सुरू झाली, म्हणजे तुमचाच प्रश्न, फक्त नव्वदच्या दशकातला. १९९६पासून ती नव्याने लिहिली गेली आणि पुढे मोझिलाच्या घरात स्थिरावली. एपीआर ही अपाचे वेब सर्व्हरची. २००२ साली आलेल्या अपाचे २.०च्या आधी प्रत्येक सिस्टिमसाठी कोडभर पसरलेल्या इफडेफना कंटाळून तो थर वेगळा काढला गेला. लिबयूव्ही नोडसाठी २०११मध्ये बनली. नोड तोवर लिबइव्ही आणि लिबइआयओवर उभं होतं, त्या दोन्ही युनिक्सच्या. विंडोजवर नीट चालायचं तर खाली काहीतरी नवं हवं होतं.

एपीआर वाईट नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सबव्हर्जन वर्षानुवर्षं तिच्यावर चालतं. पण तिच्यात जवळजवळ प्रत्येक फंक्शनला एक 'पूल' द्यावा लागतो. वेब सर्व्हरसाठी ही झकास युक्ती आहे: विनंती आली, पूल उघडला, त्यातून हवी तेवढी मेमरी घेतली, विनंती संपली, अख्खा पूल फेकला. तुमच्या भाषेत मात्र 'विनंती' नावाचं काही नाही. एखादी फाइल किती जगेल हे तुमचा गार्बेज कलेक्टर ठरवतो. मग प्रत्येक फाइलला एक पूल करायचा की सगळ्यांना मिळून एकच, जो कधी रिकामाच होत नाही? म्हणजे एका घरात मेमरीचे दोन मालक.

याचं उघड उदाहरण मोअरव्हीएम. पर्ल ६, म्हणजे आजची राकू, ज्या आभासी यंत्रावर चालते ते हे. २०१३मध्ये ते जाहीर झालं तेव्हा त्याच्यासोबत एपीआर होती. ती लवकरच काढून तिच्या जागी लिबयूव्ही आली. राकूला असिंक्रोनस सॉकेट, टायमर, प्रोसेस हे सगळं भाषेतच हवं होतं, आणि एपीआरचा पिंड थांबून वाट पाहणाऱ्या कॉलचा आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: इतक्या खालची लायब्ररी बदलता आली. बाकीचं यंत्र लायब्ररीशी थेट बोलत नसेल, तर असा बदल सोपा जातो.

तुमचा थर असा ठेवा. एक हेडर, तीस-चाळीस फंक्शन, सगळी तुमच्या भाषेच्या शब्दांत: फाइल उघड, ओळी वाच, प्रोसेस सुरू कर, किती वेळ झाला. लिबयूव्हीचं हेडर फक्त त्याखालच्या दोन-चार फाइलींत. बाकी कुठे ते दिसलं तर बिल्ड मोडला पाहिजे, आमच्याकडे यासाठी एक साधा ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) बिल्डमध्येच घातला आहे. हे जास्तीचं काम वाटेल. पण उद्या कोणी 'ब्राउझरमध्ये चालवून दाखव' म्हणालं की लिबयूव्ही तिथे नाही, आणि त्या दिवशी हेच तीस-चाळीस फंक्शन पुन्हा लिहिले की झालं. 'कशालाच हात नको, थेट सिस्टिम कॉल करतो' असं म्हणणारेही भेटतात. गो भाषेने ते केलं. लिनक्सवर ते चालतं, कारण तिथे सिस्टिम कॉल मोडू न देण्याची शिस्त आहे. मॅकवर तशी हमी नाही. २०१६मध्ये मॅकओएस सिएराने वेळ विचारण्याचा कॉल आतून बदलला आणि आधी कंपाइल केलेले गो प्रोग्रॅम कोसळू लागले. गो १.१२पासून मॅकवर ते निमूटपणे ॲपलच्या सिस्टिम लायब्ररीतून जातात.

आता लिबयूव्ही घेतल्यावर जिथे नाकी नऊ येतात ते. तिचा पिंड इव्हेंट लूपचा: तुम्ही काम सोपवता, ती लूप चालवते, काम झालं की तुमचं फंक्शन बोलावते. लिनक्सवर त्याखाली ईपोल, मॅकवर केक्यू, विंडोजवर आयओसीपी. यातले पहिले दोन 'आता वाचता येईल' एवढं सांगतात, तिसरा 'वाचून झालं' असं सांगतो, आणि या दोन तऱ्हा एका छत्राखाली आणणं हेच लिबयूव्हीचं मोठं काम. पण तुमची भाषा 'वाच' म्हटलं की वाचून झाल्यावरच पुढे जाणारी असेल, तर लूपचा मालक कोण हे आधी ठरवा. साध्या फाइलींसाठी मी लूपमध्ये जातच नाही. लिबयूव्हीच्या फाइल-फंक्शनला कॉलबॅक न देता रिकामा पॉइंटर दिला की ते तिथल्या तिथे काम करून परत येतं. तुमच्या वेगाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. अशा कॉलमध्ये लिबयूव्हीचा स्वतःचा खर्च तुमच्या इंटरप्रीटरच्या एखाद्या सूचनेएवढा किरकोळ. कॉलबॅक दिलात, तर प्रत्येक वाचन दुसऱ्या थ्रेडवर जाऊन परत येतं, आणि ओळी-ओळीने वाचणाऱ्या स्क्रिप्टला ते जाणवतं.

हो, फाइली लूपवर चालत नाहीत, थ्रेडपूलवर, म्हणजे कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या गटावर चालतात. डीएनएसचा शोधही तिथेच. त्या पूलमध्ये मुळात ४ थ्रेड असतात. आमच्याकडे एका कचेरीत नेटवर्क ड्राइव्ह अडकला, त्यावरच्या ४ फाइली वाचायला घेतल्या होत्या, आणि पाचवं काम म्हणजे साधा नाव-शोध रांगेत उभा. सगळ्यांना वाटलं इंटरनेट बंद आहे. पूलचा आकार एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने वाढवता येतो, पण तो पूल पहिल्यांदा वापरला जाण्याआधी.

गार्बेज कलेक्टरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं. लिबयूव्हीत हँडल (सॉकेट, टायमर अशा उघड्या गोष्टीची तिची नोंद) बंद करणं हेसुद्धा लगेच होत नाही. 'क्लोज' म्हटल्यावर लूप पुन्हा फिरते, मग 'बंद झालं' असा कॉलबॅक येतो, आणि तोवर त्या हँडलची मेमरी जिवंत लागते. आम्ही पहिल्या खेपेला हँडल थेट भाषेच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवलं होतं. कलेक्टरने ऑब्जेक्ट गोळा केला, फायनलायझरने (ऑब्जेक्ट जाताना चालणाऱ्या कोडने) 'क्लोज' म्हटलं, मेमरी लगेच मोकळी झाली आणि पुढच्या फेरीत लूपने त्या मोकळ्या जागेत लिहिलं. क्रॅश व्हायचा तो तिथे नाही, वीस सेकंदांनी भलत्याच ठिकाणी, कधी स्ट्रिंगमध्ये, कधी बेरजेत. आठवडा गेला.

आता आम्ही हँडल कलेक्टरच्या बाहेर साध्या 'मॅलॉक'ने घेतो. ऑब्जेक्टमध्ये फक्त त्याचा पॉइंटर. फायनलायझर 'क्लोज' म्हणतो आणि बाजूला होतो, मेमरी सोडतो तो कॉलबॅक. उलट दिशाही सांभाळायची: स्क्रिप्टने दिलेलं फंक्शन लूपकडे वाट पाहत असताना कलेक्टरला ते 'कोणालाच नको' असं दिसतं, म्हणून त्याची नोंद रूट्सच्या, म्हणजे कलेक्टरने हात लावायचा नाही अशांच्या तक्त्यात हवी. आणि कलेक्टर ऑब्जेक्ट हलवणारा असेल, तर वाचनासाठी दिलेला बफर हलता कामा नये. तो हलला तर विंडोजवर ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या पत्त्यावर लिहू शकते. लिनक्सवर सॉकेटचं वाचन त्याच क्षणी उरकतं, त्यामुळे तिथे बहुधा निभावून जातं. म्हणूनच हा बग विकास करणाऱ्याच्या यंत्रावर कधी दिसत नाही.

तुमच्या भाषेत एक्सेप्शन 'लाँगजंप'ने होत असतील (फंक्शनं ओलांडून एकदम मागे उडी मारणारं सीचं फंक्शन, सीमध्ये लिहिलेल्या बऱ्याच छोट्या भाषांत तसंच असतं), तर लिबयूव्हीच्या कॉलबॅकमधून बाहेर उडी मारू नका. मधली लिबयूव्हीची फंक्शन अर्धवट राहतात आणि लूपची आतली यादी बिघडते. कॉलबॅकमध्ये शिरताच एक झेल लावा, चूक पकडून बाजूला ठेवा आणि लूपमधून नीट बाहेर आल्यावर ती स्क्रिप्टला द्या. थ्रेड असतील तर आणखी एक नियम: लूप एकाच थ्रेडची. दुसऱ्या थ्रेडवरून चालणारं फंक्शन फक्त 'जागी हो' असा संदेश पाठवणारं, आणि असे दहा संदेश पाठवले तर कॉलबॅक एकदाच येऊ शकतो. तो संदेश म्हणजे दारावरची घंटा, टपाल वेगळ्या रांगेत ठेवायचं. मोअरव्हीएममध्ये यासाठी एकच खास थ्रेड लूप चालवतो आणि बाकीचे त्याच्या रांगेत कामं टाकतात. मला तीच रचना सगळ्यात कमी त्रासाची वाटते.

प्रमाणित इनपुट हा एक वेगळाच फास. युनिक्सवर सगळं फाइल डिस्क्रिप्टर, म्हणून आपण समजतो की एकच कोड चालेल. टर्मिनलवरून चाललं, पाइपमधून चाललं, आणि कोणीतरी फाइल वळवून दिली की पडलं, कारण ईपोल साधी फाइल घेतच नाही. लिबयूव्हीत 'हे हँडल कशाचं आहे' असं विचारायचं फंक्शन आहे. सुरुवातीलाच ते विचारून तीन वाटा करा.

प्रोसेसबद्दल माझं मत ठाम आहे: भाषेत 'फोर्क', म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढणारा कॉल, देऊ नका. विंडोजवर तो नाहीच. पर्लने तिथे तो थ्रेडवर नकली उभा केला, त्या नकली प्रोसेसचे क्रमांक ऋण असतात. कामगिरी अचाट आहे, पण ती निस्तरत बसायला तुमच्याकडे माणसं नाहीत. 'अमुक प्रोग्रॅम या आर्ग्युमेंटसह सुरू कर' एवढंच द्या, लिबयूव्हीचं 'स्पॉन' नेमकं तेच देतं. तरी एक गाठ राहते. युनिक्सवर आर्ग्युमेंट यादी म्हणून जातात, विंडोजवर एकच लांबलचक ओळ जाते आणि ती तोडायची कशी हे समोरचा प्रोग्रॅम ठरवतो. अवतरणं आणि उलट्या तिरक्या रेघांचे नियम लिबयूव्ही पाळते. पण समोर बॅच फाइल (आदेशांची यादी असलेली फाइल) असेल तर मध्ये 'सीएमडी' हा विंडोजचा आदेश वाचणारा प्रोग्रॅम येतो आणि त्याचे नियम निराळेच. एप्रिल २०२४मध्ये याच फटीतून बाहेरचा मजकूर आदेश म्हणून चालवता येतो हे उघड झालं आणि रस्ट, नोड, पीएचपी अशा अनेक भाषा एकदम सापडल्या. रस्टने १.७७.२ आवृत्ती त्यासाठीच काढली. आम्ही त्या आठवड्यात रिपोर्ट-भाषेतून बॅच फाइल थेट चालवणं बंद केलं. दोन ग्राहकांनी तक्रार केली. त्यांची माफी मागितली, निर्णय बदलला नाही.

एररचे आकडे स्क्रिप्टपर्यंत पोचू देऊ नका. 'फाइल नाही' ही एरर लिबयूव्ही लिनक्सवर उणे २ देते आणि विंडोजवर उणे ४०५८. 'जोडणी नाकारली' लिनक्सवर उणे १११, मॅकवर उणे ६१. आमच्या एका वापरकर्त्याने स्क्रिप्टमध्ये थेट उणे २शी तुलना लिहिली होती आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, आम्हीच त्याला आकडा दाखवला होता. भाषेची स्वतःची नावं द्या, दहा-पंधरा पुरतात, बाकीच्यांना 'इतर' आणि सोबत सिस्टिमचा मजकूर.

काही गोष्टी भराभर. लिबयूव्ही फाइल उघडते ती नेहमी कच्च्या बाइटांसाठी, त्यामुळे विंडोजच्या दोन चिन्हांच्या ओळ-शेवटाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही वाचताना दोन्ही स्वीकारतो, लिहिताना एकच लिहितो. उघडी फाइल काढून टाकणं युनिक्सवर सहज होतं. विंडोजवर लिबयूव्ही स्वतः फाइल उघडताना इतरांना ती काढू देण्याची मुभा ठेवते, पण एक्सेलने ती उघडली असेल तर तुमचा इलाज चालत नाही. घड्याळं दोन द्या, एक भिंतीवरचं आणि एक फक्त पुढे जाणारं, आणि कालावधी मोजायला पहिलं वापरू देऊ नका. विंडोजची वेळ १ जानेवारी १६०१पासून मोजतात हे तुम्हाला कधी कळलंच नाही, तर लायब्ररीने काम चोख केलं असं समजा.

लायब्ररीचा सोर्स तुमच्या रेपॉझिटरीत ठेवा, आवृत्ती गोठवा आणि स्थिर जोडणी करा, म्हणजे ती तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच जाईल. ज्युलिया भाषावाले तर लिबयूव्हीची स्वतःची फांदीच सांभाळतात. तितकी गरज तुम्हाला पडणार नाही, पण वापरकर्त्याच्या यंत्रावर जी कुठली असेल तिच्यावर सोडू नका. परवाना एमआयटी आहे, त्यामुळे सोबत देण्यात अडचण नाही.

आणि आजच करण्यासारखं एक काम. लायब्ररी जोडण्याआधी तिन्ही सिस्टिमवर आपोआप चालणाऱ्या चाचण्या उभ्या करा, लाल दिसल्या तरी चालेल. चाचणीतल्या फाइलींना इंग्रजी नावं देऊ नका. एक 'दुसऱ्या सहामाहीचे अर्ज' ठेवा, मध्ये जागा असलेलं, 'ऱ' असलेलं. एक मुद्दाम 'र' आणि नुक्त्याने लिहिलेलं. एक बॅच फाइल, जिच्या आर्ग्युमेंटमध्ये अवतरणचिन्ह आणि टक्केवारीची खूण आहे. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी या तीन फाइलींवरच्या चाचण्या मोडून दाखवायला सांगतो, आणि दर वेळी तो पहिली मोडतो ती 'ऱ'चीच.